खाडी हलत नव्हती

चेंदणी कोळीवाड्यात सगुणा नाखव्याची ओळख दोन गोष्टींनी करून दिली जायची. एक, ती कल्याणच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. दुसरी, तिला मासळी पारखता येत नाही. यातली दुसरी गोष्ट अधिक मोठी मानली जाई. तिची आई चंद्रभागा ठाण्याच्या बाजारात पाटी घेऊन बसे आणि गिऱ्हाईक नसलं की शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणे, "आमच्या सगुणेला ताजं कुठलं नि शिळं कुठलं ते उमगत नाय गो. आभाळातलं इचार, लगेच सांगंल."

यात तक्रार किती आणि मिरवणं किती, ते चंद्रभागेलाही सांगता आलं नसतं.

सगुणा तेव्हा चाळिशीकडे झुकली होती. लग्न केलं नव्हतं. का केलं नाही हे विचारणारी माणसं विचारून दमली होती. वडील गुणाजी ती बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना गेले. धाकटा भाऊ दाजी कुठेतरी नोकरीला चिकटेल अशी आशा होती, पण तो होडीला चिकटला. खाडीत रसायनांचा तवंग वाढत गेला, मासळी रोडावत गेली, शेजारच्या घरांतली तरणी पोरं कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेली, दाजी मात्र रोज पाण्यावर जात राहिला. घरात खारट ओल, कॉलेजात खडूची धूळ. सगुणेची वर्षं या दोहोंमध्ये सरत होती आणि मध्ये कुठेतरी एक प्रबंध अर्धवट पडला होता.

प्रबंधाचा विषय ऐकला की लोक आदरानं गप्प बसत आणि मग पावसाबद्दल बोलू लागत. गुरुत्वाकर्षण म्हणजे नुसती ओढ नव्हे, अवकाश आणि काळ यांचं वाकणं, हे ठरून कित्येक दशकं झाली होती. फार लहान मापात उतरलं की जगातली कुठलीच गोष्ट स्वस्थ नसते, कापरं भरल्यासारखी थरथरत असते, हेही ठरलेलं. दोन्ही खरं असेल तर खुद्द अवकाशच थरथरायला हवं. दोन जागांमधलं अंतर क्षणभर कमी, क्षणभर जास्त. प्रश्न एवढाच, की ही थरथर कुणाला कधी मोजता येईल का? अडचण अशी, की इतकी सूक्ष्म जागा पाहायला जो उजेड लागतो तो फार जोरकस हवा, आणि तेवढा जोर एका टिंबात कोंबला की त्याच्याच भारानं ती जागा मिटून तिचं कृष्णविवर होतं. डोळा जवळ नेला की दारच बंद.

या बंद दारासमोर हरिहर आगाशे सरांनी आयुष्य घालवलं होतं. ते सगुणेचे मार्गदर्शक आणि विभागप्रमुख. कल्याणात पारनाक्याजवळ राहायचे, धोतर सोडून पँट घालायला लागल्याला दहाच वर्षं झाली होती आणि विद्यार्थिनींनाही अहो-जाहो करायचे. त्यांच्या विषयात एकही प्रयोग नाही यावरून स्टाफरूममध्ये त्यांची रोज हजेरी घेतली जाई. केमिस्ट्रीचे प्रमुख तर चहाचा पहिला घोटही आगाशेंना डिवचल्याशिवाय घेत नसत.

"काय आगाशे, दिसलं का काही?"

"अजून नाही."

"आमच्याकडे निदान वास तरी येतो हो!"

सर हसत. सगुणा हसत नसे. ते हसताना कपाची कड ओठांशी जरा जास्त वेळ धरून ठेवतात, हे तिला दिसे.

आणि मग, अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात, तिच्या गणितातून काहीतरी बाहेर पडलं. दूर अंतरावर टांगलेले दोन आरसे घेतले तर त्यांच्यामधल्या अंतरातली थरथर वाया जात नव्हती. अंतर वाढेल तशी ती साचत होती. परदेशात मैल मैल लांबीची उपकरणं बांधायच्या योजना चालल्या होत्या, त्यांच्या टप्प्यात ती सहज येत होती. सरांनी सगळी पानं दोनदा तपासली. तिसऱ्यांदा तपासताना त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"सगुणाबाई, हे मोजता येतंय."

ते उठले, थेट स्टाफरूममध्ये गेले आणि केमिस्ट्रीच्या प्रमुखांसमोर उभे राहून म्हणाले, "घ्या आता वास."

त्या दिवसापासून परतायची वाट उरली नाही. सरांनी गावभर सांगितलं. नव्वदच्या जानेवारीत कॉलेजात परिसंवाद ठरवला, मुंबईची आणि पुण्याची जाणती माणसं बोलावली. त्यानंतर चार-सहा महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. सगुणेच्या नोंदणीची मुदत दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. तिनं परिसंवादात हा शोध मांडायचा, जाणत्यांनी मान डोलवायची, मग प्रबंध सादर करायचा आणि सरांनी ताठ मानेनं घरी जायचं, असा सगळा बेत होता.

बेतात एक खडा होता. तोच हिशेब थोड्या वेगळ्या वाटेनं केला की सगुणेला थरथरीचा आकडा वेगळा यायचा. कधी दुप्पट, कधी तिप्पट. कुठेतरी बेरीज चुकली असेल म्हणून ती ते बाजूला ठेवायची. बाजूला ठेवलेली गोष्ट मात्र वर्गात शिकवताना, डाळीला फोडणी देताना, पदर पिळताना तिच्याकडे बघत राहायची.

एकोणनव्वदचा पाऊस ओसरला आणि घरात वेगळंच प्रकरण उभं राहिलं.

दाजीचं जाळं खाडीत खुंटांना बांधलेलं असे. हे खुंट तळात खोल गाडलेले, त्यांचे शेंडे ओहोटीलाही पाण्याखाली. वरून सपाट पाणी सगळीकडे सारखंच, मग आपला खुंट सापडायचा कसा? तर किनाऱ्यावरच्या खुणांनी. गुणाजीनं पोराला दोन जोड्या दाखवून ठेवल्या होत्या. देवळाचा कळस कारखान्याच्या धुराड्यावर यायला हवा, आणि पारसिकच्या डोंगराची खाच अलीकडच्या वडाच्या शेंड्यावर. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळल्या, की होडीच्या बुडाखाली आपला खुंट. पण त्या वर्षी किनाऱ्यालगत एक सहा मजली इमारत उठली आणि कळस तिच्यामागे गेला. दाजीनं त्याच्या जागी दुसरी खूण धरली. तेव्हापासून खुंट जागेवर सापडेना.

"भिवाजीचं काम हाय," दाजी जेवता जेवता म्हणाला. भिवाजी म्हणजे शेजारच्या खुंटांचा मालक, वयानं मोठा, तोंडानं त्याहून मोठा. "काल खुंट दक्षिणेला, आज उत्तरेला. मुद्दाम हलवतंय."

"रोज?" सगुणा म्हणाली. "एक खुंट गाडायला दोन होड्या आणि आठ माणसं लागतात. तो रोज उपटून रोज गाडतो?"

"मंग काय खाडीच हलतंय?"

"का नाय हलणार?" चंद्रभागा म्हणाली. "रेती उपसून उपसून तळ खरवडलाय मेल्यांनी. सरकला आसंल."

हे म्हणणं कोळीवाड्यातल्या निम्म्या लोकांना पटलं. उरलेल्यांना भिवाजीचं काम वाटत होतं. प्रकरण पंचांपुढे गेलं तेव्हा भिवाजीनं उठून एवढंच सांगितलं, "दाजी, तुज्या खुंटाला पाय फुटल्यात. त्याला चपला घेऊन दे." सगळे हसले. दाजी हसला नाही. तो घरी आला आणि भिंतीवरची वल्ही जोखणाऱ्या नजरेनं बघू लागला. भांडण आता शब्दांवर राहणार नाही, हे चंद्रभागेनं ओळखलं.

"सगुणे, तू जा त्याच्यासंगं," ती म्हणाली. "एवढी शिकलीस, एकदा बघून तरी ये."

रविवारच्या दुपारी सगुणा कितीतरी वर्षांनी होडीत बसली. ओहोटी संपत आली होती. दाजीनं बरीच शोधाशोध करून, आकडा लावलेल्या काठीनं चाचपत चाचपत खुंट गाठला आणि होडी त्यालाच बांधून टाकली.

"आता बघ," तो म्हणाला. "हितं खुंट. आणि खुणंपरमाणं असायला पायजे तिथं, लांब."

"कुठल्या खुणेप्रमाणे? दाखव मला."

"तो बार्ज बघ. त्याच्यावरचा खांब धुराड्यावर आला पायजे."

रेती काढायचा एक गंजका बार्ज दूरवर उभा होता. काम थांबलेलं, माणूस एक नाही.

"हा कधीपासून आहे इथे?"

"गणपतीपासनं. हललाच नाय. नांगर टाकलाय ना!"

सगुणा बार्जकडे वळून बसली. ती बघत राहिली. पाणी थांबलं होतं. ओहोटी आणि भरतीच्या मधली ती वेळ, जेव्हा तवंगसुद्धा एका जागी पडून असतो. मग कुठूनतरी भरतीनं धक्का दिला. होडीच्या कडेशी पाणी बोलू लागलं. आणि बार्ज, इतका मोठा, इतका मुका, पाण्यात बसलेल्या म्हशीनं मान वळवावी तसा सावकाश वळू लागला. नांगर तळात घट्ट होता, साखळी मात्र लांब होती. ओहोटीला बार्ज नांगराच्या एका अंगाला जाई, भरतीला दुसऱ्या. त्याच्यावरचा खांब आधी धुराड्याच्या एका बाजूला होता, तो सरकत सरकत धुराडं ओलांडून गेला आणि डोंगराच्या पोटात जाऊन उभा राहिला.

"दाजी," सगुणा म्हणाली, "आपण खुंटाला बांधलेलोत. आपण हललो का?"

"नाय."

"मग?"

दाजीनं खांबाकडे पाहिलं, धुराड्याकडे पाहिलं, होडीच्या दोरीकडे पाहिलं.

"आयला," तो म्हणाला. "खूणच फिरतंय!"

तो इतका हसला की होडी डुलू लागली. "अगो बाय, मी भिवाला मारणार होतो गो!" सगुणाही हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि हसता हसताच ती थांबली. दाजीला वाटलं तिला होडी लागली.

होडी लागली नव्हती. तिला तिच्या प्रबंधाचं पाचवं प्रकरण आठवलं होतं.

अवकाशात जागा दाखवायच्या तर आधी कल्पनेनं रेघांचं एक जाळं पसरायचं आणि प्रत्येक जागेला आकडा द्यायचा, ही नेहमीची रीत. पण त्या आकड्यांना स्वतःचा अर्थ काही नसतो. रेघा आपण ओढलेल्या, हव्या तशा वाकवता येणाऱ्या. म्हणून अमुक जागी काय होतंय असं विचारायचंच नाही. एका वस्तूचं दुसऱ्या वस्तूशी काय होतंय, एवढंच विचारायचं. हे सगुणा दर वर्षी पोरांना बजावून सांगायची. आणि पाचव्या प्रकरणात गणित सोपं व्हावं म्हणून तिनं रेघांना एक अट घातली होती, ती अट घालून विसरून गेली होती, आणि पुढची सगळी पानं आरशांच्या आकड्यांमधलं अंतर मोजत बसली होती. थरथर आरशांची नव्हती. तिनं स्वतःच टाकलेलं जाळं थरथरत होतं. म्हणून तर वाट बदलली की आकडा बदलत होता.

त्या संध्याकाळी दाजी भिवाजीच्या पडवीत गेला. आत काय बोलणं झालं ते कळलं नाही, पण भिवाजीचं हसणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू आलं.

सगुणेनं दिवाळीच्या सुट्टीत सगळं नव्यानं मांडलं. आई खाली करंज्या तळत होती, ती माळ्यावर खिडकीशी बसली होती. या वेळी तिनं रेघांना काही विचारलं नाही. एक घड्याळ घेतलं, एक आरसा घेतला. घड्याळापासून प्रकाश निघाला, आरशावर आपटून त्याच घड्याळाशी परत आला. मधल्या वेळात घड्याळ किती पुढे गेलं? एवढंच. रेघा कशाही ओढा, या प्रश्नाचं उत्तर बदलणार नव्हतं. ओळीमागून ओळ गळत गेली. साचत जाणारं सगळं एकमेकांत जिरलं. शेवटी जे उरलं ते इतकं लहान होतं, की अणूचा गाभा ठाणे-पुण्याच्या अंतराएवढा फुगवला तर त्यात हे हलणं खऱ्याखुऱ्या अणूच्या गाभ्याएवढं दिसलं असतं. म्हणजे मोजण्याचा प्रश्नच नव्हता.

आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. छातीवर कुणीतरी बसलेलं होतं ते उठून गेलं, असं काहीसं झालं. दीड वर्ष तिच्याकडे टक लावून बघणारी ती गोष्ट आता डोळे मिटून शांत पडली होती. तिनं खाली जाऊन गरम करंजी तोंडात टाकली आणि चंद्रभागेनं "निवद दावायचाय गो, मेले!" म्हणून तिच्या हातावर चापट मारली.

मग सरांची आठवण आली आणि ती दुसऱ्या करंजीला हात न लावताच माळ्यावर परत गेली.

भाऊबीज झाल्यावर ती फराळाचा डबा घेऊन पारनाक्याला गेली. सर परिसंवादाच्या छापील निमंत्रणाचा नमुना घेऊन बसले होते. तिचं नाव ठळक टाइपात होतं, खाली विषय: क्वांटम गुरुत्वाकर्षणाच्या परिणामाचं प्रत्यक्ष मापन.

"टाइप जरा बारीक हवा होता का?" सरांनी विचारलं.

"सर, ते छापू नका."

"का हो?"

तिनं नवी पानं पुढे ठेवली. उत्तराबाई, सरांच्या पत्नी, चहा ठेवून गेल्या. तो निवला. सर एकेक ओळ बोट ठेवून वाचत होते. सगुणा भिंतीकडे बघत होती. हा माणूस आता काय म्हणेल? गावभर सांगून बसलेला, निवृत्तीला टेकलेला. उद्या स्टाफरूममध्ये तो कप कसा धरेल? पानं फाडून टाकावीत, अजून वेळ गेली नाही, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं.

"पाचवं प्रकरण," शेवटी सर म्हणाले.

"हो."

"म्हणजे आपण आपल्याच रेघा मोजत होतो."

"हो, सर."

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांनी मोठा, लांबलचक श्वास सोडला, इतका की उत्तराबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"काय झालं?"

"काही नाही. आज त्या झोपेच्या गोळ्या नकोत मला."

"अहो, काय झालंय काय?" उत्तराबाईंनी सगुणेकडे बघितलं. "तीन महिने हे रोज गोळी घेतात. विचारलं तर म्हणतात, पित्त आहे."

"पित्त नव्हतं," सर म्हणाले. "भीती होती. बाई, तुम्हाला खरं सांगू? परिसंवादात कुणीतरी उभं राहील आणि शांतपणे विचारेल, ही थरथर कशाच्या मानाने मोजली? हा प्रश्न मला ऑगस्टपासून दिसत होता. पण तो तुम्हाला विचारावा, तर तुमची मुदत संपत आलेली. इतक्या वर्षांची मेहनत मी कशी बुडवू? म्हटलं, कदाचित माझंच चुकत असेल."

"आणि मला वाटत होतं," सगुणा म्हणाली, "तुम्ही स्टाफरूममध्ये..."

"त्याचं मी बघतो. जाऊन सांगतो, वास आलाच नाही, सर्दी झाली होती."

आधी उत्तराबाई हसल्या, काही न कळताच. मग तिघंही हसले आणि सरांनी निवलेला चहा तसाच एका दमात पिऊन टाकला.

हसून झाल्यावर सगुणेनं विचारलं, "पण माझा प्रबंध? मार्चपर्यंत द्यायचा आहे. आता त्यात सांगण्यासारखं राहिलं काय?"

"हे राहिलं," सरांनी नव्या पानांवर हात ठेवला. "काय मोजता येतं आणि कशाला मोजणं म्हणायचंच नाही. पुरेल की नाही ते माझ्या हातात नाही. ऐकणारे ठरवतील."

निमंत्रणावर विषय बदलला गेला. जानेवारीत कॉलेजच्या छोट्या सभागृहात पंखे बंद ठेवून परिसंवाद झाला. केमिस्ट्रीचे प्रमुख मुद्दाम मागच्या रांगेत येऊन बसले. सगुणेनं आधी जुना शोध फळ्यावर लिहिला, मग तो कुठे फसला होता ते दाखवलं, मग घड्याळ आणि आरसा मांडला. तिचा आवाज सुरुवातीला कापत होता. अर्ध्यावर आपला आवाज सरळ झालाय हे तिलाच कळलं. पुण्याहून आलेले एक वयोवृद्ध शास्त्रज्ञ, ज्यांच्या शब्दावर पुढचं सगळं अवलंबून होतं, संपेपर्यंत डोळे मिटून ऐकत होते. ते झोपलेत असं सगळ्यांना वाटत होतं.

"बाई," ते डोळे न उघडताच म्हणाले, "म्हणजे सरतेशेवटी तुमच्या हाताला काहीच लागत नाही."

"आजच्या कुठल्याही उपकरणानं लागत नाही, सर."

"उद्याच्या?"

"ते मला माहीत नाही. पण उद्या कुणी आकडा घेऊन आलं, तर तो कुठल्या घड्याळानं आणि कुठल्या आरशानं मोजला, हे आधी विचारावं लागेल. तो उत्तर देऊ शकला नाही, तर त्यानं काहीच मोजलेलं नाही. एवढंच माझ्याकडे आहे."

वृद्धानं डोळे उघडले. "पंधरा वर्षांपूर्वी मी असाच एक आकडा छापला होता," ते म्हणाले. "कुणीही विचारलं नाही. छापून झाल्यावर माझं मलाच कळलं." ते आगाशेंकडे वळले. "हरिहरराव, हे असंच्या असं लिहून द्या. त्या फसलेल्या प्रकरणासकट. गाळू नका ते. मुदत कधी संपते म्हणालात?"

"मार्च."

"पुरे आहे की मग."

सभागृह रिकामं झालं, लोक चहाकडे पांगले. सगुणा व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली. मग तिनं चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि साडी गुडघ्यांत खोचून मांडी घातली, बाजारात पाटीसमोर बसतात तशी, ऐसपैस. इतक्या वर्षांत कॉलेजात ती कधी अशी बसली नव्हती.

सर दोन कप घेऊन आले आणि तिला पाहून थबकले.

"बरं वाटत नाहीये का, बाई?"

"बरं वाटतंय, सर," सगुणा म्हणाली आणि त्यांना बसायला जागा करून दिली. "फार बरं वाटतंय."